गरोदरपण आणि फोनवरचा डॉक्टर : महासाथीने दिलेला धडा



मार्च २०२० चा शेवटचा आठवडा आपल्यापैकी कोणी विसरला असेल असे वाटत नाही. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. एसटी थांबली, बाजार थांबले, गावोगावच्या वेशीवर काट्या पडल्या. आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून कोयता घेऊन गेलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर अडकून पडली. एप्रिलच्या मध्यात शासनाने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली, तेव्हा राज्यभरात अशा ऊसतोड मजुरांची संख्या लाखावर होती. राज्याचे आरोग्यमंत्री त्या वेळी आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे आमदार श्री. राजेश टोपे होते. त्यामुळे रोजच्या बातम्या आपण जरा जास्तच कान देऊन ऐकत होतो.

सगळे थांबले, पण एक गोष्ट थांबणारी नव्हती. पोटातले बाळ टाळेबंदी ओळखत नाही. ज्या घरात सहा-सात महिन्यांची गरोदर सून किंवा माहेरी आलेली लेक होती, त्या घरापुढे मोठाच पेच पडला. तपासणीला न्यावे तर गाडी नाही, आणि नेले तरी दवाखान्यातून आजार घरी येईल ही धास्ती. न न्यावे तर आत काय चालले आहे ते कळणार कसे? पुष्कळ घरांनी सोपा मार्ग धरला : "बाळंतपण काय, आपल्या आया-आज्यांचं घरातच झालं. दोन महिने तपासणी नाही झाली तर काय होतंय?" काही घरांनी मात्र फोन उचलला.

त्या फोनाबद्दलच हा लेख आहे. फोनवर डॉक्टरचा सल्ला घेण्याची सोय आता कायमची झाली आहे. ती महासाथीपुरती नव्हती. गोदावरीला पूर आला, रस्ता तुटला, गाळपाच्या दिवसांत घरात माणूस नाही, अशा वेळीही ती उपयोगी पडते. मात्र ती कशी वापरावी हे समजून घेतले नाही तर तीच सोय घात करू शकते. म्हणून हा पाठ प्रत्येक सभासदाने स्वतः वाचावा आणि घरातल्या बायांना वाचून दाखवावा.

टेलिमेडिसिन म्हणजे काय?

डॉक्टर एका ठिकाणी, रुग्ण दुसऱ्या ठिकाणी, आणि मधे फोन किंवा व्हिडिओ, अशा रीतीने केलेल्या तपासणीला व सल्ल्याला टेलिमेडिसिन म्हणतात. आपल्या देशात हे पूर्वीपासून थोडेफार चालू होते, पण डॉक्टर लोक बिचकत. फोनवर औषध सांगितले आणि काही कमीजास्त झाले तर जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट नव्हते. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र शासनाने याबाबतचे नियम प्रसिद्ध केले. नोंदणीकृत डॉक्टरने फोनवर, व्हिडिओवर किंवा लेखी संदेशावर सल्ला देणे त्यामुळे रीतसर झाले.

पाठोपाठ १३ एप्रिल २०२० रोजी ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. ही सरकारी सेवा असून फुकट आहे. मोबाइलवर नाव नोंदवायचे, फोनवर आलेला आकडा टाकायचा, टोकन घ्यायचे, पाळी आली की व्हिडिओवर डॉक्टर दिसतो. बोलणे झाले की औषधाची चिठ्ठी मोबाइलवरच येते.

ई-संजीवनीचा दुसरा प्रकार त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला होता. यात रुग्ण आपल्या गावाजवळच्या उपकेंद्रात जातो. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी त्याला तपासतात आणि आपल्या समोरूनच मोठ्या डॉक्टरला व्हिडिओ लावून देतात. गरोदर बाईच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा चांगला आहे. का चांगला, ते पुढे पाहू.

मुंबईच्या 'अरमान' या संस्थेचेही नाव इथे घेतले पाहिजे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये ती सुरू केली. गरोदर बायांना महिन्यानुसार कोणती काळजी घ्यावी हे फोनवर साध्या बोलीत सांगण्याचे काम ती आधीपासूनच करीत होती. टाळेबंदीत तिने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मदतीने फोनवरचा दवाखानाच चालवला. ज्या बाईला घराबाहेर पडता येत नव्हते तिला डॉक्टरशी बोलता आले.

साखर उतारा फोनवर कळतो काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपण शेतकी अधिकाऱ्याला फोन केला आणि सांगितले, "साहेब, ऊस चांगला दिसतोय, उतारा किती पडंल?" तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, "अहो, रस काढून ब्रिक्स बघितल्याशिवाय मी कसं सांगू?" पाने पिवळी पडल्याचे सांगितले तर तो विचारील, "माती तपासली का? पाण्याची पाळी कधी दिली?" म्हणजे सल्ला फोनवर मिळतो, पण माप शेतातच घ्यावे लागते. माप नसेल तर सल्ला हा निव्वळ अंदाज ठरतो.

गरोदर बाईचे तसेच आहे. डॉक्टरला फोनवर आवाज ऐकू येतो, व्हिडिओवर चेहरा दिसतो. परंतु पुढील गोष्टी फोनवर कळत नाहीत :

१. रक्तदाब. तो १४० वर ९० किंवा त्याच्या पुढे गेला तर धोका आहे, आणि १६० वर ११० म्हणजे मोठा धोका. वाढलेल्या रक्तदाबाने सुरुवातीला काहीच दुखत नाही. बाई हसतखेळत असते आणि आत दाब चढत असतो. पुढे झटके येतात, त्यात आई व बाळ दोघेही दगावू शकतात.

२. रक्त. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे फारच कमी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या गरोदर बायांचे रक्त कमी आढळले होते. अशा बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही.

३. लघवीतून प्रथिने किंवा साखर जाते का.

४. वजन वाढते का, पोटाची उंची महिन्याप्रमाणे आहे का.

५. बाळाचे ठोके, आणि बाळ आडवे आहे की उभे.

या पाचही गोष्टींना यंत्र लागते, नाहीतर शिकलेला हात लागतो. म्हणून या पाठाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : फोनवर सल्ला मिळतो, माप मिळत नाही. माप इकडे घ्यावे आणि सल्ला तिकडून घ्यावा.

बाहेरच्या देशांत काय दिसले?

हे आमचे नुसते मत नाही. महासाथीत ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या 'मोनाश हेल्थ' या सरकारी दवाखान्यांनी मार्च २०२० पासून गरोदर बायांच्या जवळजवळ निम्म्या तपासण्या फोन-व्हिडिओवर नेल्या. त्या काळातील बाळंतपणांची तुलना त्यांनी आधीच्या बाळंतपणांशी केली. मूल पोटात दगावणे, बाळाची वाढ खुंटणे, रक्तदाबाचा आजार यांपैकी काहीही वाढलेले आढळले नाही. अमेरिकेतील डॅलसच्या 'पार्कलंड' रुग्णालयात मुख्यतः गरीब बाया येतात. तिथे तर व्हिडिओही नव्हता, नुसत्या फोनवर काही भेटी घेतल्या. २०१९ आणि २०२० च्या मिळून बारा हजारांवर बाळंतपणांची तुलना करता तिथेही वाईट परिणाम वाढले नाहीत.

परंतु इथे घाईने निष्कर्ष काढू नये. या दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष तपासणी बंद केलेली नव्हती. ठराविक महिन्यांच्या भेटी समोरासमोरच होत होत्या, मधल्या तेवढ्या फोनवर. मेलबर्नला तर बायांना घरी रक्तदाब मोजायला आणि टेपने पोटाची उंची मोजायला शिकवले होते. म्हणजे तिथेही फोन चालला तो मापाच्या जोरावर.

कोणत्या भेटी समोर, कोणत्या फोनवर?

आपल्याकडे गरोदरपणात निदान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत असे ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१६ पासून आठ भेटी सांगितल्या आहेत. आपण असा हिशेब ठेवावा की चार भेटी समोरासमोर, आणि मधल्या फोनवर.

पहिली भेट : पाळी चुकल्यापासून लवकरात लवकर, १२ आठवड्यांच्या आत. नोंदणी, वजन, रक्तदाब, रक्तगट, हिमोग्लोबिन, लघवी, साखर. याच वेळी माता-बाल संरक्षण कार्ड व आरसीएच नंबर मिळतो. धनुर्वाताचे म्हणजे टीडीचे पहिले इंजेक्शन लवकर घ्यावे, दुसरे त्यानंतर चार आठवड्यांनी.

दुसरी भेट : १४ ते २६ आठवडे. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० घ्यावयाच्या असतात. बाळंतपणानंतर आणखी १८०. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसाला दोन. जंताची एक गोळीही याच काळात डॉक्टरच्या सांगण्याने. सोनोग्राफी साधारण पाचव्या महिन्यात.

तिसरी भेट : २८ ते ३४ आठवडे. चौथी भेट : ३६ आठवड्यांनंतर. या दोन भेटी मुळीच चुकवू नयेत. रक्तदाबाचा आजार बहुधा याच काळात डोके वर काढतो आणि बाळ आडवे असेल तर तेही आताच कळते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६ पासून चालू आहे. उसाची बिले कोणत्या तारखेला जमा होतात हे आपल्याला पाठ असते, तशी ही ९ तारीखही पाठ असावी.

फोनवर चालण्यासारख्या गोष्टीही पुष्कळ आहेत. गोळ्यांनी मळमळते, बद्धकोष्ठ होते, शौचाला काळे होते, गोळी बंद करू का? (काळे होणे हे लोहामुळे होते, त्याने घाबरू नये. गोळी चहाबरोबर घेऊ नये, आणि लोह व कॅल्शियम एकत्र घेऊ नये.) रक्ताचा रिपोर्ट आला, त्याचा अर्थ काय? काय खावे, किती झोपावे, पुढची भेट कधी? मन उदास राहते, झोप येत नाही, यासाठीही फोन आहे. १४४१६ हा 'टेलि-मानस' चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. बाळंतपणाच्या आधी-नंतर मन खचणे हा नखरा नव्हे, आजार आहे.

फोन करण्याची रीत

दोन फोन बघा. दोन्ही नमुन्यादाखल लिहिले आहेत.

पहिला फोन : "डॉक्टरसाहेब, सुनंचं डोकं दुखतंय. एखादी गोळी सांगा." डॉक्टर बिचारा काय करणार? डोकेदुखीची साधी गोळी सांगेल. घर निश्चिंत होईल.

दुसरा फोन : "नमस्कार डॉक्टरसाहेब. माझी सून, वय बावीस, पहिलंच बाळंतपण. आठवा महिना चालू आहे. कालपासून डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते, तोंडावर सूज आहे. उपकेंद्रात सिस्टरनी आत्ताच बीपी घेतला, एकशे अठ्ठेचाळीस वर शहाण्णव आहे. मागच्या महिन्यात एकशे दहा वर सत्तर होता." आता डॉक्टर क्षणभरही थांबणार नाही : "ताबडतोब निघा. एकशेदोनला फोन करा. मी दवाखान्यात कळवतो."

डोकेदुखी तीच, बाईही तीच. एका फोनात माप होते, दुसऱ्यात नव्हते. म्हणून फोन लावण्यापूर्वी कार्ड, सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे, शेवटच्या पाळीची तारीख आणि त्या दिवसाचा रक्तदाब एवढे समोर घेऊन बसावे. जमत असेल त्या घराने दंडावर बांधायचे बीपीचे यंत्र घ्यावे. बॅटरीच्या फवारणी पंपाच्या आसपास त्याची किंमत आहे. बाईला पाच मिनिटे शांत, पाठ टेकवून बसवावे, हात छातीच्या पातळीला ठेवावा, मग मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. यंत्र कसे वापरायचे ते एकदा सिस्टरकडून शिकून घ्यावे आणि त्यांच्या यंत्राशी ताडून पाहावे.

डॉक्टरकडूनही काही अपेक्षा ठेवाव्यात. त्याने नाव सांगितले पाहिजे आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असला पाहिजे. नुसत्या आवाजावर पहिल्याच भेटीत सगळी औषधे देता येत नाहीत, असे नियम आहेत. तेव्हा "फोनवर नको, घेऊन या" असे डॉक्टर म्हणाला तर तो टाळतो आहे असे समजू नये. तो आपले काम नीट करतो आहे. उलट, काही न विचारता औषधांची यादी पाठवणाऱ्यापासून जपून राहावे.

फोन तिच्या हातात द्या

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे, राग मानू नये. आपल्या पुष्कळ घरांत फोन करतो नवरा किंवा सासरा, बोलते सासू, आणि जिच्या पोटात बाळ आहे ती दाराआड उभी असते. महाराष्ट्रात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बाया निम्म्याहून थोड्याच जास्त आहेत, असे त्याच पाहणीत दिसले. अंगावरून पांढरे जाते, लघवीला जळजळ होते, रक्ताचा डाग दिसला, बाळ कालपासून कमी हलते, हे ती सासऱ्यासमोर कसे सांगणार? आणि घरात कोणी हात उचलत असेल तर ते कोणाला सांगणार?

दवाखान्यात निदान पडदा असतो. फोनवर पडदा आपल्यालाच करून द्यावा लागतो. म्हणून फोन लागला की तो तिच्या हातात द्यावा. सासूबाईंनी म्हणावे, "बाई, तू बोल मोकळेपणानं, मी चुलीपाशी हाय." एवढ्या एका वाक्याने डॉक्टरला निम्मे निदान मिळते.

ही लक्षणे दिसली तर फोनवर वेळ घालवू नये

रक्तस्राव, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर, हातांवर सूज, झटके, पोटात सतत तीव्र कळ, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे, ताप, दम लागणे. यांपैकी एकही दिसले तर टोकन घेऊन पाळीची वाट पाहात बसू नये. १०२ किंवा १०८ ला फोन करून निघावे. तातडीच्या वेळी फोनवरचा सल्ला हा फक्त तात्पुरत्या उपचारापुरता आणि दवाखान्यात पाठवण्यापुरता असतो, असे नियमातच म्हटले आहे.

बाई दगावते ती बहुधा तीन उशिरांमुळे, असे या विषयाचे जाणकार सांगतात : निर्णय घ्यायला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. फोन पहिला उशीर पुष्कळ कमी करतो. दुसऱ्यासाठी गाडी ठरलेली पाहिजे, नुसते "बघू वेळ आल्यावर" उपयोगाचे नाही. तिसऱ्यासाठी निघण्याआधी दवाखान्याला कळवावे : सिझरची सोय आहे का, रक्त आहे का, की थेट जालन्याच्या स्त्री रुग्णालयात जावे? सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याचे वाहन २०११ पासून मोफत आहे. खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये.

पुन्हा अशी साथ आली तर

२०२० मध्ये केंद्र शासनाने १४ एप्रिललाच सांगितले होते की बाळंतपण व गरोदरपणाची सेवा ही अत्यावश्यक सेवा आहे, ती बंद ठेवायची नाही. तरी भीतीपोटी बाया घरी राहिल्या. पुढे अनुभवाने कळले की गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, कोरोनाचा आजार इतर बायांपेक्षा जास्त जोराचा होऊ शकतो. २ जुलै २०२१ पासून गरोदर बायांना लस देण्याची मान्यता मिळाली. आजारी आईनेही तोंडाला मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावे असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते.

तेव्हा पुन्हा वेळ आली तर घाबरून तपासणी सोडू नये. चार भेटी कायम, बाकी फोनवर. घरात ऑक्सिमीटर असेल तर तोही कामाला येतो. गरोदर बाईचा ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला की दवाखाना. आणि ही सगळी तयारी आजच करावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. कळा सुरू झाल्यावर मोबाइलवर ई-संजीवनी उतरवून घेण्यातही नाही.

आपल्या फडातली बाई

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात. त्या कोप्यांमध्ये दोन-चार बाया तरी गरोदर असतात. पहाटे फडात उतरतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर वाहतात. गाव सुटले की त्यांची आशाताई सुटते, उपकेंद्र सुटते, ९ तारीख सुटते. महासाथीत आपल्याला दोन-तीन महिने जे सोसावे लागले, ते या बायांना दर हंगामात पाच-सहा महिने सोसावे लागते. त्यांना प्रत्येक गाळप हंगाम म्हणजे टाळेबंदीच आहे.

दवाखान्यात जायचे तर एक दिवस मोडतो. जोडीचा खाडा पडतो आणि तो मुकादमाच्या उचलीत वळता होतो. म्हणून ती जात नाही. "बरंय माझं" म्हणते आणि कोयता उचलते. तिच्या नवऱ्याच्या फोनला पैसे भरलेले नसतात, कोपीवर चार्जिंग नसते, रेंज नसते.

आपल्याकडे फोन आहे, रेंज आहे, जीप आहे, आशाताईंची ओळख आहे. मग आपण काय करू शकतो?

पहिले : टोळी उतरली की दोन दिवसांत गावच्या आशाताईंना कळवावे, "ताई, आमच्या फडावर टोळी आली, गरोदर बाया आहेत, येऊन जा." आरसीएच नंबर असेल तर कोणत्याही गावच्या उपकेंद्रात तिची पुढची तपासणी होऊ शकते. नसेल तर नवीन नोंदणी करून घ्यावी.

दुसरे : मुकादमाशी आधीच बोलून घ्यावे, "तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही." सभासदाने सांगितले तर मुकादम ऐकतो. महिन्याला एक दिवस, त्याने कोणाचे गाळप अडत नाही.

तिसरे : उपकेंद्रात नेऊन समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसमोर बसवावे. माप तिथेच होते आणि मोठ्या डॉक्टरचा सल्लाही तिथेच व्हिडिओवर मिळतो. म्हणूनच ई-संजीवनीचा हा प्रकार जास्त चांगला, असे आम्ही वर म्हटले. हंगाम संपून ती गावी परतली तरी तिचे कार्ड व चिठ्ठी तिच्याबरोबर जाते, तिथल्या सिस्टरला पुढचे काम करता येते.

चौथे : शेवटच्या महिन्यांतल्या बाईला मोळी वाहायला लावू नये. तिच्या घरच्यांना आणि मुकादमाला तसे सांगावे.

आपल्याच तालुक्यांतली कुटुंबेही दुसऱ्यांच्या फडावर जातात. तिथल्या सभासदाने आपल्या लेकीबाळींसाठी जे करावे असे वाटते, ते आपण इथे करावे.

उजळणी

हा लेख वाचून झाल्यावर प्रत्येकाने पुढील प्रश्नांची उत्तरे मनाशी द्यावीत :

१. माझ्या घरातल्या गरोदर बाईची शेवटच्या पाळीची तारीख मला किंवा घरात कोणाला ठाऊक आहे काय? (उसाच्या लागणीची तारीख तर पाठ आहे!)

२. तिचा शेवटचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन किती होते?

३. आशाताई, सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी यांचे नंबर तिच्या स्वतःच्या जवळ आहेत काय?

४. रात्री दोन वाजता निघायचे झाले तर गाडी कोणाची, आणि दवाखाना कोणता?

५. माझ्या फडावरच्या कोप्यांत गरोदर बाया किती, आणि त्यांना शेवटचे कोणी तपासले?

पाचपैकी एकाचेही उत्तर आले नाही, तर लेख बाजूला ठेवावा आणि आजच आशाताईंना फोन लावावा. उपकेंद्राची वेळ त्यांनाच विचारून घ्यावी, आणि उद्या सकाळी बाईला घेऊन माप घ्यायला जावे.